रिकामा शंख ओळखावा कसा, शोधावा कुठे आणि जपावा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही मुलांना घेऊन तुम्ही एका उष्ण किनाऱ्यावर आठवडाभर राहिलात आणि पिशवीभर शंखशिंपले घेऊन आलात. त्यांतल्या काहींना चार दिवसांत असह्य वास येऊ लागला म्हणून ते टाकावे लागले, उरलेल्यांवर लाकडी पेटीत ठेवल्यावर वर्षभरात पांढरी भुकटी धरली, आणि मुळात जे सापडले त्यांतले बरेचसे फुटकेच होते. यंदा पुन्हा जायचे आहे, तर केव्हा जावे, कुठे शोधावे, काय उचलावे आणि घरी आणल्यावर काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली 27 वर्षे शंखशिंपले गोळा करतो आणि इतरांचे संग्रह लावून देण्याचे कामही करतो, त्यामुळे या तिन्ही अडचणी माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत. त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

आधी वासाविषयी लिहितो, कारण माझ्या दृष्टीने तीच सर्वांत गंभीर बाब आहे. रिकाम्या शंखाला वास येत नाही. फार तर समुद्राचा खारट वास असतो आणि तो धुतल्यावर जातो. चार दिवसांनी कुजका वास आला याचा अर्थ उचलताना त्या शंखांत जीव होता आणि तो तुमच्या पिशवीत मेला. तुम्ही हे जाणूनबुजून केले नाही, हे मला ठाऊक आहे. आत आक्रसून बसलेला प्राणी वरून पाहणाऱ्याला दिसतच नाही, आणि नेमके हेच ओळखायला शिकणे हा या छंदाचा पहिला धडा आहे.

शंख उचलला की प्रथम तो उलटा करून त्याचे तोंड पाहावे. तोंडाशी किंवा थोडे आत तपकिरी, शिंगासारखे चिवट किंवा चुन्यासारखे टणक झाकण दिसले, तर मालक घरात आहे. सर्वच जातींना असे झाकण नसते; कवड्यांना आणि काही मोठ्या शंखांना ते मुळीच नसते, म्हणून झाकण दिसले नाही एवढ्यावरून शंख रिकामा ठरत नाही. आकाराच्या मानाने वजन जास्त लागणे, आत ओलसर मांसल चमक दिसणे, बोट जवळ नेताच काहीतरी आणखी आत सरकल्यासारखे वाटणे, या सगळ्या खुणा जिवंतपणाच्या आहेत. कवडीच्या बाबतीत तिची चकाकीच सावध करणारी असते. जिवंतपणी तिच्या अंगावर प्रावाराची, म्हणजे कवच घडवणाऱ्या मऊ आवरणाची, घडी दोन्ही बाजूंनी चढलेली असते आणि त्यामुळे तिचा पृष्ठभाग काचेसारखा राहतो. लाटांनी लोळवलेली रिकामी कवडी सहसा मंद आणि ओरखडलेली असते. शिंपल्याच्या दोन झडपा घट्ट मिटलेल्या असतील तर तो जिवंत समजावा. झडपा उघड्या आणि आतून स्वच्छ असतील तर तो खुशाल घ्यावा.

दुसरी शक्यता शंखात बिऱ्हाड केलेल्या खेकड्याची, म्हणजे हर्मिट क्रॅबची. शंखाचा मूळ मालक केव्हाच गेलेला असतो, शंख जुना व झिजलेला दिसतो आणि तरीही तो रिकामा नसतो. या खेकड्याचे पोट मऊ व उघडे असते, शंखाशिवाय तो जगू शकत नाही, आणि वाढत जाईल तसा त्याला मोठा शंख शोधावा लागतो. त्याची एक खेप मला कायमची लक्षात राहिली आहे. एका ओहोटीला मी चार शंख तपासून, रिकामे समजून, खडकाच्या सावलीत पाण्याच्या उथळ ताटलीत ठेवले आणि नोंदी लिहायला बसलो. दहाएक मिनिटांनी त्यांतल्या सर्वांत खराब दिसणाऱ्या शंखाच्या तोंडातून आधी दोन केसासारख्या मिशा, मग देठावरचे दोन काळे डोळे आणि मग एक जांभळट नांगी बाहेर आली. तो खेकडा शेजारच्या जरा मोठ्या शंखापाशी गेला, नांगी आत घालून त्याने तो आतून चाचपला, गोल फिरवून पाहिला आणि क्षणार्धात जुने घर सोडून त्यात शिरला. तेव्हापासून प्रत्येक शंख सावलीत, थोड्या पाण्यात, पंधरा मिनिटे ठेवून पाहिल्याशिवाय मी पिशवीत टाकत नाही. मुलांना हे काम द्या. ती डोळ्यांची पापणी न लववता पाहत राहतात आणि त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

मुलांच्या बादलीबद्दलही इथेच सांगतो. उन्हात ठेवलेल्या बादलीतले पाणी पाहता पाहता तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यामुळे त्यात गंमत म्हणून ठेवलेले जीव थोड्याच वेळात गुदमरतात. पाहायचे असेल तर सावलीत, वारंवार ताजे पाणी घालून, काही मिनिटेच पाहावे आणि जिथून घेतले तिथेच परत सोडावे. सँड डॉलर हा शंख नव्हे, तो तारामाशाच्या नात्यातला प्राणी आहे. तो पांढरा आणि गुळगुळीत असेल तर मेलेला, आणि तपकिरी किंवा जांभळट असून त्यावर मखमलीसारखी बारीक लव असेल तर जिवंत असतो. ओल्या वाळूवर कॉलरसारखी वळलेली, रबरासारखी पट्टी दिसली तर ती कोणी टाकलेली वस्तू नसून मून स्नेल या गोगलगायीने वाळूत गुंफलेली अंडी असतात. तिला हात लावू नये.

आता वेळेविषयी. फुटके शंख सापडण्याचे मुख्य कारण असे की, लोक न्याहारी करून, ऊन चढल्यावर, भरती कुठवर आली आहे याचा विचार न करता किनाऱ्यावर जातात आणि कोरड्या वाळूवर, जिथे शेकडो पावले आधीच पडून गेलेली असतात, तिथे शोधतात. शंख शोधणाऱ्याने घड्याळाच्या आधी चंद्र पाहावा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांत, उधाण येते. त्या दिवसांत भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटीही सर्वांत खाली उतरते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असलेली वाळू व खडक काही काळ उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि तेव्हा पाणी फारसे हलतच नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात आणि त्यांची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. एकाच ठिकाणी उधाणाच्या ओहोट्या दर पंधरवड्याला साधारण घड्याळाच्या त्याच वेळेला येतात. म्हणजे एका किनाऱ्यावर मोठी ओहोटी सकाळी लागत असेल, तर तिथे ती सहसा सकाळीच आणि संध्याकाळीच लागणार, भर दुपारी नव्हे. सुट्टीचा आठवडा ठरवताना एवढी एक गोष्ट पाहिलीत तरी तुमच्या हाती लागणाऱ्या शंखांत फार फरक पडेल. काही समुद्रांत मात्र भरती-ओहोटीचा चढउतार इतका कमी असतो की तिथे चंद्रापेक्षा वाऱ्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

ओहोटीची सर्वांत खालची वेळ तक्त्यावरून काढावी आणि तिच्या आधी दीड तास किनाऱ्यावर असावे. उतरत्या पाण्यामागून चालत जाणे सुरक्षित असते. पाणी वळले की आपणही वळावे, आणि खडकाळ भागात तर परतीची वाट आधीच पाहून ठेवावी. उन्हाळ्यात पहाटेची ओहोटी मिळाली तर ती सोडू नये. तेव्हा गर्दी नसते आणि वाळू पोळत नाही. सूर्य तिरपा असल्यामुळे वाळूत अर्धवट रुतलेल्या शंखाची सावली लांब पडते आणि तो दुरूनही उठून दिसतो, हा आणखी एक लाभ.

जागेविषयी बोलायचे तर किनारा हा आडव्या पट्ट्यांचा असतो आणि प्रत्येक पट्ट्यात वेगळा माल पडतो. सर्वांत वर, जिथे भरतीने शेवाळ, काटक्या आणि फेसाची वाळलेली रेघ ठेवलेली असते, तिथे हलक्या वस्तू येतात: पातळ शिंपले, माकुळाचे पांढरे हाड, आणि स्पायरुला या छोट्या खोलसमुद्री प्राण्याची शिंगासारखी वळलेली कवचे, जी पाण्यावर तरंगत फार दूरवरून येतात. जड आणि अखंड शंख मात्र लाटेबरोबर इतके वर चढत नाहीत. लाट जिथे फुटते तिथे पाण्याच्या काठाला वाळूची एक लहानशी पायरी तयार होते आणि तिच्या पायथ्याशी खडे व जड शंख साठत राहतात. अनुभवी माणूस तुम्हाला बहुधा घोट्याभर पाण्यात, या पायरीवरच वाकलेला दिसेल. उष्ण, उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नये, वाळूतून घासत न्यावे. त्यामुळे वाळूत दडलेल्या पाकटाला आपली चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. खडकाळ भागात तळ जाड असलेली पादत्राणे हवीतच. तिथे उलटवलेला प्रत्येक दगड पुन्हा होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला अंडी आणि अंधारात राहणारे जीव चिकटलेले असतात आणि उन्हात उलटे पडले तर ते तासाभरात वाळून मरतात.

उन्हाळ्याची एक अडचण नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. जिथे उन्हाळ्यात समुद्र शांत असतो, तिथे बुटक्या, सावकाश येणाऱ्या लाटा वाळू किनाऱ्याकडे ढकलत राहतात. किनारा रुंद आणि सुंदर होतो, पण शंख त्या वाळूखाली गाडले जातात. मोठ्या लाटा हीच वाळू ओढून नेतात आणि खालचा थर उघडा पाडतात. म्हणून तुमच्या मुक्कामात एखादे वादळ दूरवरून जाऊन लाटा उठल्या, तर त्या शांत झाल्यानंतरची पहिली ओहोटी हा त्या आठवड्यातला सर्वांत चांगला काळ समजावा. वारा सतत समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहत असेल तर जॅन्थिना या जांभळ्या शंखाकडे लक्ष ठेवावे. ही गोगलगाय बुडबुड्यांचा तराफा करून त्याला उलटी लटकते आणि आयुष्यभर समुद्राच्या पृष्ठभागावर वाहत राहते. तिचा शंख कागदासारखा पातळ असतो आणि चिमटीत जरा जोर पडला तरी फुटतो. ती ज्यांना खाते त्यांत निळ्या फुग्यासारखा दिसणारा पोर्तुगीज मॅन ओ वॉर हा प्राणी असतो आणि वारा दोघांनाही एकत्रच किनाऱ्याला लावतो. त्याचे धागे वाळूत सुकल्यासारखे दिसत असले तरी दंश करतात. त्यामुळे जांभळा शंख दिसला की आनंदाने हात घालण्याआधी आजूबाजूला निळे काही पडले आहे का, ते पाहावे.

यापेक्षाही कडक सूचना कोन शंखांबद्दल आहे आणि ती मुलांना किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याआधी द्यावी. शंकूच्या आकाराचा, रुंद बाजूला चपटा किंवा बुटका कळस असलेला आणि लांबट चिरेसारखे तोंड असलेला शंख जिवंत असेल तर त्याला कधीही हात लावू नये. या कुळात 700 हून अधिक जाती आहेत आणि त्या सर्व विषारी शिकारी आहेत. पोकळ दाताचा भाला करून त्या सावज टिपतात. हिंद आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्यात राहणाऱ्या जिऑग्राफी कोनच्या दंशाने माणसे मेल्याची नोंद आहे. 'रुंद बाजूने धरला की धोका नाही' हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे, कारण त्या प्राण्याची सोंड शंखाच्या कोणत्याही भागापर्यंत वळू शकते. दंश कधी कधी जवळजवळ दुखतही नाही. नंतर बधिरपणा पसरतो, आणि गंभीर प्रसंगी श्वासाचे स्नायू थांबतात. त्यावर उतारा देणारी लस नाही. दंश झाल्यास माणसाला हलू न देता, दंशाच्या अवयवाला रुंद पट्टी बांधून तो स्थिर ठेवावा, श्वासावर सतत लक्ष ठेवावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. याच कुळातल्या एका जातीच्या विषातील घटकावरून तयार केलेले झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचे औषध अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर झाले. ज्या जिवाला आपण खिशात टाकायला निघतो तो किती असामान्य आहे, हे यावरून कळते.

किती घ्यावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: थोडे घ्यावे. रिकामा शंखही किनाऱ्याच्या उपयोगाचा असतो. तो खेकड्यांचे घर होतो, त्यावर शेवाळ व लहान जीव वाढतात, आणि झिजून त्याचीच वाळू होते. स्पेनमध्ये सालोऊजवळच्या एका किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी 1978 ते 1981 या काळातल्या मोजण्यांची 2008 ते 2010 मधल्या मोजण्यांशी तुलना केली. मधल्या काळात तिथले पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते आणि वाळूवरच्या कवचांची संख्या निम्म्याहूनही कमी उरली होती. पर्यटकांनी वेचलेले शंख हे त्याचे एक कारण, आणि किनारा झाडणारी यंत्रे हे दुसरे कारण असू शकते. मी स्वतः एका फेरीत एका जातीचे दोनपेक्षा जास्त नमुने घेत नाही. काही राखीव किनाऱ्यांवरून रिकामा शंख उचलण्यासही मनाई असते, म्हणून तिथला नियम आधी विचारावा. परदेशातून येताना अधिक काळजी घ्यावी: क्वीन काँच 1992 पासून, राक्षसी शिंपले त्याआधीपासून, आणि नॉटिलस 2016 च्या निर्णयापासून वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली आले आहेत, आणि परवान्याशिवाय ते नेताना सीमेवर जप्त होऊ शकतात.

आता स्वच्छतेकडे वळतो. घरी आणलेले रिकामे शंख गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजत घालावेत आणि पाणी रोज बदलावे, म्हणजे आत मुरलेले मीठ निघते. मग मऊ दातब्रशने घासावे, वळणांतली वाळू लाकडी काडीने काढावी आणि सावलीत पूर्ण वाळवावे. कवड्या आणि ऑलिव्ह यांसारख्या निसर्गतःच चकाकणाऱ्या शंखांना साध्या पाण्यापलीकडे काहीही लावू नये आणि गरम पाण्यात तर मुळीच टाकू नये, कारण त्यांच्या पृष्ठभागाला बारीक तडे जातात. शेवाळ फार चिकटले असेल तर इतर शंखांसाठी घरगुती ब्लीच तितक्याच पाण्यात मिसळून वापरता येते, पण त्याने बाहेरची नैसर्गिक तपकिरी सालही जाते. ती साल म्हणजे घाण नव्हे, तो शंखाचाच भाग आहे, आणि मी प्रत्येक जातीचा एक नमुना सालीसकट ठेवतो.

व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा कोणतेही आम्ल मात्र वापरू नये. शंख हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. फुटक्या तुकड्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून भिंगातून पाहा: थेंबाच्या कडेने बारीक बुडबुडे उठतात, काही क्षणांनी खालची रेषा पुसट होते आणि बोट फिरवले तर तिथे खडूसारखी खरखर लागते. जे चमकदार झाले असे वाटते ते कवचाचा वरचा थर विरघळून झालेले असते, आणि तो थर पुन्हा मिळत नाही. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हेही ध्यानात ठेवावे.

तुमच्या पेटीतली पांढरी भुकटी हाही आम्लाचाच परिणाम आहे, फक्त तो सावकाश झाला. ती बुरशी नाही. ओकसारखे लाकूड, प्लायवूड, दाबून केलेल्या फळ्या आणि साधा पुठ्ठा यांतून ॲसेटिक व फॉर्मिक आम्लाची वाफ सतत थोडी थोडी सुटत असते. बंद, दमट पेटीत ती कवचाशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर क्षार फुलतात. इंग्लंडमधील लॉफ्टस बाइन यांनी 1899 मध्ये या प्रकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला बाइनचा रोग म्हणतात. मात्र दोष जिवाणूंचा आहे असा त्यांचा समज होता आणि लाकडाच्या वाफेचे कारण पुढे उलगडले. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी हौसेने नवीन प्लायवूडचे खण करून घेतले होते. दोन पावसाळे गेल्यावर एक खण उघडला तेव्हा व्हिनेगरचा मंद वास आला आणि सर्वांत जपलेल्या शंखांवर पिठी धरलेली दिसली. ते शंख मी धुतले, पण त्यांची नक्षी परत आली नाही. तुमच्या शंखांपैकी जे वाचवता येतील ते लगेच स्वच्छ पाण्यात भिजवून, नीट वाळवून, पॉलिप्रोपिलीनच्या किंवा काचेच्या डब्यात ठेवा. डब्यात आम्लमुक्त कागद घाला आणि डबा उन्हापासून दूर ठेवा, कारण सूर्यप्रकाशाने रंग उडतात. ती लाकडी पेटी पुन्हा वापरू नका.

शेवटची गोष्ट चिठ्ठीची आहे, आणि मुलांच्या दृष्टीने मला ती सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक शंखासोबत पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी असावी: ठिकाण, तारीख, भरतीरेषेवर सापडला की पाण्यात, वाळूत की खडकात. नाव नंतर शोधता येते, पण ठिकाण एकदा विसरले की कायमचे गेले. त्यानंतर मुलांना डोळे मिटून शंख हातात घ्यायला सांगा. नेदरलँड्समध्ये 1946 मध्ये जन्मलेले खेरात व्हर्मे लहानपणीच दृष्टिहीन झाले, आणि पुढे त्यांनी बोटांनी शंख वाचत खेकड्यांचे हल्ले व शंखांच्या मजबुतीची वाढ यांवर मोलाचे संशोधन केले. कवचावर आडवी, ओबडधोबड रेघ बोटाला लागली तर तिथे एकदा खेकड्याने काठ तोडला होता आणि प्राण्याने तो दुरुस्त करून पुढचा शंख बांधला होता. शिंपल्याच्या बिजागरीजवळ एक गोल भोक सापडेल, त्याचा काठ चाचपून पाहा: वर रुंद आणि आत निमुळते, वाटीसारखे उतरते असेल तर ते मून स्नेलने पाडलेले आहे, कडा सरळ असतील तर बहुधा म्युरेक्स कुळातल्या शिकाऱ्याने. मागच्या वर्षी तुम्ही जे फुटके आणि भोक पडलेले म्हणून फेकून दिले असतील, त्यांतले दोन-तीन यंदा आणा आणि त्यांच्या चिठ्ठीवर मुलांना काय काय वाचता आले, तेही लिहा.